मेणबत्तीला पेलवेल असं यंत्र

कासोस बेट, ग्रीस, ९ जानेवारी १९९३

पांदेली,

ही मी थेओपिस्ती, तुझी सख्खी मावशी. विसरला असशील म्हणून नातं सांगितलं. अक्षर माझ्या नातीचं, अर्गिरोचं आहे, कारण माझ्या डोळ्यांना हल्ली समोरचा डोंगर दिसतो पण बशीतलं ऑलिव्ह दिसत नाही. मी सांगते, ती लिहिते.

तुझं नवीन वर्षाचं कार्ड पोचलं. त्यावर बर्फात उभा असलेला घोडा आहे. का, ते तुझं तुलाच माहीत. घोडा बरा दिसतो.

आता कामाचं. तू या मुलीचा नोनो आहेस, धर्मपिता. नोनोचं काम काय असतं हे तुझ्या लक्षात राहिलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगते. बाप्तिस्म्याला पोर हातात धरायचं, तिचं नाव सगळ्यांसमोर नीट उच्चारायचं, आणि पुढे दर ईस्टरला तिला लांबाडा द्यायची. एक लांब रंगीत मेणबत्ती आणि तिला रिबिनीने बांधलेलं खेळणं. संपलं. शेळ्या राखणाऱ्यालाही जमतं हे. गेल्या वर्षी तुझी लांबाडा आली जूनमध्ये. वाटेत उन्हाने वितळून तिचा बूट झाला होता, आणि तिला बांधलेले होते लोकरीचे हातमोजे. इकडे शेजारच्या एव्हगेनियाला तिच्या नोनोने, त्या औषधवाल्या याकूमिसने, बोलणारी बाहुली बांधून दिली. पोट दाबलं की "आई" म्हणते. सगळ्या गल्लीने तिचं पोट दाबून पाहिलं, मीसुद्धा.

यंदा तरी लाज राख. यंदा मुलीला हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र पाठव. एक करड्या रंगाचं मिळतं, चार सेलवर चालतं, चित्र रंगीत नसतं पण सेल पुष्कळ टिकतात. एक काळं मिळतं, ते रंगीत आहे पण सहा सेल खातं आणि तरी भुकेलेलंच राहतं. दोन्हींचा नीट विचार कर. हे सगळं मी माझ्याच मनाने सांगतेय.

आणि नावाचं मी विसरलेले नाही. घराण्याची रीत आहे, नातीला आजीचं नाव. आपले धर्मगुरू पापा-लिनार्दोस यांनी तुला विचारलं, मुलीचं नाव काय? मी पहिल्या रांगेत, नवे बूट घालून. आणि तू म्हणालास, अर्गिरो! आमच्यात अर्गिरो नावाची शेळीसुद्धा नव्हती. ते तुझ्या जहाजाचं नाव. माझ्या नातीला तू मालवाहू जहाजाचं नाव दिलंस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जहाजावर चढून पळालास. नऊ वर्षं या घराचा उंबरठा तुला दिसला नाही. यंदाही लांबाडा पाठव, तू आला नाहीस तरी चालेल.

तुझी मावशी

(नोनो, आता मी अर्गिरो. "तू आला नाहीस तरी चालेल" हे आजीने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ती बंदराकडे बघत होती. एव्हगेनिया म्हणते की तू खरा नाहीसच, आम्ही एका माणसाचा फोटो विकत आणून भिंतीवर लावलाय. आजी आता म्हणतेय, लिहिलेलं वाचून दाखव. दाखवते, पण सगळं नाही.)


कोबे, ३० जानेवारी १९९३

परम आदरणीय मावशी,

तुझं पत्र वाचता वाचता मी रश्शात मीठ दोनदा घातलं. सत्तावीस माणसं दिवसभर पाणी पीत होती.

सगळ्यात आधी, शाबास! तुला या यंत्रांची इतकी बारीक माहिती असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आमच्या जहाजावर रेडिओ सांभाळणाऱ्या माणसालाही सेलचा हा फरक ठाऊक नाही. मी त्याला म्हटलं, आमची मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्याकडून शिक.

काल इथल्या दुकानात गेलो. चार मजले, सगळे खेळण्यांचे. विकणारा पोरगा माझ्यापुढे वाकला, मी त्याच्यापुढे वाकलो, असं बराच वेळ चाललं. मग त्याने दोन्ही यंत्रं दाखवली. करडं साबणाच्या वडीएवढं वाटतं, जरा जाड. त्यात सगळं शेवाळी दिसतं, पालकाच्या भाजीत डोकावल्यासारखं. काळं रुंद आहे, ऐटबाज आहे, त्यात समुद्र निळा आणि सूर्य पिवळा. मी काळं पाहिलं आणि खल्लास झालो. मग करडं पाहिलं आणि वाटलं, बिचाऱ्याचं काय चुकलं? दोन तास उभा राहून रिकाम्या हाताने परत आलो. मी शंभर किलो मासळी डोळ्यांनी निवडतो मावशी, पण हे माझ्याच्याने होईना.

म्हणून विचारतो. मुलीला रंग हवेत की टिकाऊपणा? तुझं मत काय? पुढचं पत्र सिंगापूरच्या एजंटाकडे पाठव, तिथेही ही यंत्रं मिळतात.

ईस्टरच्या आधी आमचं जहाज अथेन्सजवळ पिरेअस बंदराला लागेल. पण स्वयंपाक्याला सुटी मिळत नाही, तुला ठाऊकच आहे. लांबाडा मी आपल्या गावच्या मिनासबरोबर पाठवीन, तो या खेपेला घरी येतोय. या वर्षी वितळणार नाही, शीतपेटीत टोमॅटोशेजारी ठेवीन.

तुझा आज्ञाधारक
पांदेलिस


कासोस, २१ फेब्रुवारी १९९३

पांदेली,

पत्र मिळालं. अर्गिरोने वाचून दाखवलं. दोन पानं नुसती माफीच मागितली आहेस. एवढी गरज नव्हती, अर्धं पान पुरलं असतं. आणि रडत रडत पत्र लिहू नये, शाई पसरते. पण तू ते नवे बूट लक्षात ठेवलेस, हे मला आवडलं. आलास तर दार लावून घेणार नाही, एवढंच आत्ता सांगते.

आता यंत्राचं. मला ते काय असतं ते कळलेलं नाही, पण जे काही असेल ते मेणबत्तीला बांधता आलं पाहिजे. नुसतं खोक्यातून दिलं तर ती लांबाडा होत नाही, ती खरेदी होते. म्हणून मी चाचणी घेतली. चर्चच्या दुकानातून तीन मेणबत्त्या आणल्या आणि सार्डिनचे डबे बांधून पाहिले. एक डबा बांधला, काही झालं नाही. दोन बांधले, जरा झुकली पण उभी राहिली, पापा-लिनार्दोस धर्मसभेत बिशपपुढे झुकतात तशी. तिसरा डबा बांधला आणि कडकन मोडली. डबा मांजरावर पडला. मांजर अजून ओट्याखाली आहे.

तर हिशेब सरळ आहे. दोन डब्यांचं यंत्र घे. तीन डब्यांचं घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट. एक मार्चपासून ईस्टरच्या आधीचा उपास सुरू. यंत्र उपासातच घरात येणार, तर त्याच्या आत काय चालतं ते आधी कळलं पाहिजे. एव्हगेनियाच्या भावाकडे एक आहे, त्यात एक माणूस कोंबडीच्या तंगड्या गोळा करत धावतो. उपासात हे कसं चालेल! मी पापा-लिनार्दोसना विचारलं. ते दाढी धरून म्हणाले, नुसतं बघायला हरकत नसावी, पण मुलगी स्वतः बटण दाबून तंगडी उचलते म्हटल्यावर विचार करावा लागेल. तर मांस नको, अंडी नकोत, चीज नको. मासे फक्त पंचवीस मार्चच्या सणाला. शिंपले, खेकडे, ऑक्टोपस कधीही चालतील.

मावशी

(नोनो, आजीचे डबे मी बंदरावर आईच्या तिकीटघरातल्या काट्यावर तोलले. दोन डबे म्हणजे करडं. तीन डबे म्हणजे काळं. बघ, मी काहीच बोलत नाही. आणि माफीबद्दल काही विचारू नकोस. पुढच्या पत्रात फक्त थोडी माग.)


सिंगापूर, ९ मार्च १९९३

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं, पण एक कोडं सुटत नाही. मी कधी रडलो? कांदा चिरताना लिहिलं असेल तर असेल. आणि माफी म्हणशील तर, कार्ड उशिरा पाठवल्याबद्दल मी माफी मागतो. घोडा चुकून आला, मला जहाजाचं चित्र हवं होतं.

आता बातमी. यंत्र घेतलं! जेवणघरात सभा भरवली. तुझं डब्यांचं गणित मी सगळ्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या नंबरचे इंजिनियर म्हणाले की बाई जहाजबांधणीत असायला हव्या होत्या. पण मतदान झालं आणि अकरा विरुद्ध चार, काळं निवडून आलं. मुलीच्या हातात रंग पाहिजेत, असं सगळ्यांचं म्हणणं. वजनाचं काय, तर सुताराने मेणबत्तीच्या पाठीला वेताची काठी लावायची युक्ती सांगितली. याकूमिसची बाहुली याच्यापुढे पाणी भरेल.

आतला खेळ मासेमारीचा आहे. माणूस गळ टाकतो, मासा येतो. पंचवीस मार्चला मासा चालतो ना, मग त्या एका दिवशी खेळू दे आणि बाकीचे दिवस माणसाने नुसता गळ टाकून बसावं.

एकच खोट आहे. हे यंत्र बंद केलं की सगळं विसरतं. किती मासे धरले, कोणी धरले, काही उरत नाही. पुन्हा चालू केलं की पहिल्यापासून. पण खरं सांगू का, मला तेच आवडलं. मागचं गेलं, नव्याने सुरू. माणसांचंही असंच असतं तर किती बरं झालं असतं! जुन्या गोष्टी नऊ नऊ वर्षं धरून काय मिळतं?

सुटी नाहीच. मिनास येईल. पुढचं पत्र पोर्ट सईदला.

तुझा पांदेलिस


कासोस, २३ मार्च १९९३

प्रिय पांदेलिस,

हे अक्षर माझं आहे, पापा-लिनार्दोसचं. अर्गिरोला गालगुंड झाल्यामुळे ती फडकं बांधून पडली आहे. म्हणून तुझं सिंगापूरचं पत्र वाचायला थेओपिस्तीबाईंनी मला बोलावलं. मी ते जसं होतं तसं वाचलं. या घरात पत्रं तशी वाचत नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पत्र संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता माफीचा भाग वाचा." मी म्हटलं, कार्डावरच्या घोड्याबद्दल आहे. "तो नव्हे," त्या म्हणाल्या, "नावाचा." मी पान उलटून पाहिलं, पाकिटात बोट घालून पाहिलं. आतल्या खोलीतून अर्गिरो फडक्यातून ओरडली की पापा, तुम्हाला वाचता येत नाही! मी बेचाळीस वर्षं बायबल वाचतोय.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुझ्या मागच्या पत्रात माफीची दोन पानं नव्हतीच. ती मुलीने तिथल्या तिथे रचली. मावशीचे बूट, तुझे अश्रू, दर रात्री तू जहाजाच्या टोकाशी उभा राहून "थेओपिस्ती" अशी हाक मारतोस, सगळं. मी मुलीला विचारलं, का गं असं केलंस? ती म्हणाली, "तो जे म्हणायला विसरतो, ते मी म्हणते. नाहीतर तो कधी येणारच नाही." व्हिडिओ गेमचा भागही तिचाच होता. बाईंना सेल म्हणजे टॉर्चमध्ये घालतात तेवढंच माहीत आहे.

आता बाई सांगतात ते लिहितो. त्यांचेच शब्द.

"पांदेली. जे बंद केलं की सगळं विसरतं, ते माझ्या घरात येणार नाही. तसा एक आमच्यात आधीच आहे. मासाही नको. मेणबत्ती मी स्वतः घेईन, खेळणं मी स्वतः बांधीन. पत्र पाठवायची गरज नाही. थेओपिस्ती."

पुढचं माझं. हे सांगून झाल्यावर त्यांनी तुझं पत्र चुलीकडे फेकलं. चूल विझलेली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी निघताना त्या ते उचलत होत्या. दोन पानांच्या खोट्या माफीवर ही बाई महिनाभर गाणं म्हणत होती, मी स्वतः ऐकलंय, बेसूर होतं. खरी चार ओळींची असती तर काय झालं असतं? विचार कर. आणि माशाबद्दल तुझा तर्क चुकीचा आहे, उपासात गळ टाकून बसणं म्हणजेही मोहच.

पापा-लिनार्दोस

(नोनो लिहिताना गाल दुखतो. मी चुकले. पण तू ये.)


पोर्ट सईद, ६ एप्रिल १९९३

मावशी,

हे पत्र पापांनीच वाचून दाखवावं. अर्गिरोने ऐकायला बसावं, पण तोंड उघडू नये.

नाव मला पाठ होतं. देवाशपथ पाठ होतं. बाप्तिस्म्याच्या आधी आठ दिवस मी जहाजाच्या कोठारात पिठाच्या पोत्यांसमोर उभा राहून तालीम करायचो. पोत्याला मुलगी समजायचं, उचलायचं आणि म्हणायचं, "थेओपिस्ती!" साठ-साठ वेळा. पण प्रत्येक पोत्यावर या एवढ्या अक्षरांत छापलेलं असायचं, "अर्गिरो". तोंडाने एक म्हणायचो, डोळ्यांनी दुसरं वाचायचो. त्या दिवशी पापांनी विचारलं, मी समोर पाहिलं. तू पहिल्या रांगेत. काळे चकचकीत बूट. तू इतकी खूश होतीस की मी तुला तसं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात फक्त पोतं उरलं.

मी बोललो आणि तुझा चेहरा बघितला. म्हणून पळालो. तेव्हापासून मी सात समुद्र फिरलो, पण तुझ्या दारापर्यंत यायची छाती झाली नाही. "सुटी मिळत नाही" हे खोटं होतं. नऊ वर्षांत मी सुटी कधी मागितलीच नाही. माझं चुकलं मावशी. तुझं नाव मी हरवलं. मला माफ कर.

या वेळी मात्र मागितली. कप्तान म्हणाले, खुशाल जा. आणि दुसऱ्याच दिवशी माझा मदतनीस इथे पोर्ट सईदला लग्नासाठी उतरून गेला. आता जहाजावर अंडं उकडू शकणारा मी एकटा आहे, म्हणून ईस्टरला मी पिरेअसलाच अडकणार. अगदी खरी अडचण आल्यावर ती कोणालाच खरी वाटू नये, हे माझं नशीब.

काळं यंत्र मी देऊन टाकलं. तिसऱ्या नंबरच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलासाठी करडं घेतलं होतं. त्याला रंग हवे होते, मला नको होते. बदल्यात तो म्हणाला, जहाज आम्सटरडॅमला पोचेपर्यंत रोज मला हवं ते रांध. रोज वांग्या-खिम्याचा मूसाका मागतोय मेला. जाऊ दे.

करडं दोन डब्यांपेक्षा कणभर हलकंच आहे, कोठारातल्या काट्यावर तोललं. आत ऑक्टोपसचा खेळ आहे. ऑक्टोपस समुद्राच्या तळाशी शंख गोळा करतो, खेकडा त्याच्या मागे लागतो. दोघेही उपासाचे. आणि एक गोष्ट यात आहे जी त्या काळ्यात नव्हती. सुरुवातीला ते खेळणाऱ्याचं नाव विचारतं. एकदा सांगितलं की ठेवून घेतं. बंद करा, सेल काढा, महिनाभर कपाटात टाका, विसरत नाही.

त्याने मला विचारलं, नाव काय? या वेळी आसपास पोती नव्हती. मी नीट सांगितलं. चालू करून बघ.

मिनासबरोबर पाठवतोय. मेणबत्ती तू घेतलीच असशील.

पांदेलिस


कासोस, २० एप्रिल १९९३

नोनो,

आता सगळं खरं लिहिते. पापा शेजारी बसलेत आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवतायत.

मिनासकाका ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी आला. आजीने खोक्यातून यंत्र काढलं, पण चालू केलं नाही. म्हणाली, लांबाडा पेटायच्या आधी खेळणं चालू करायचं नसतं. मग तिने ते यंत्र सेलोफेनमध्ये गुंडाळून निळ्या रिबिनीने मेणबत्तीला बांधलं. वर दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी लावला आणि तीनदा थू थू केलं. त्यातलं एक माझ्यावर पडलं. मिनासकाका म्हणाला वेताची काठी लावू का? आजी म्हणाली, "जहाजावरची अक्कल जहाजावर ठेव. दोन डब्यांचं आहे, पेलवेल."

ईस्टरच्या रविवारी दुपारी आम्ही चर्चमध्ये प्रेमाच्या प्रार्थनेला गेलो. तिथे दर वर्षीप्रमाणे आपले म्हातारे खलाशी आणि बाकी गावकरी शुभवर्तमान वेगवेगळ्या भाषांत वाचत होते. याकूमिसने लॅटिन वाचलं, आईने इंग्लिश, म्हाताऱ्या कप्तान निकितासने स्पॅनिश, पण त्यात मध्येच दोन शिव्या आल्या असं मिनासकाका म्हणतो. एव्हगेनिया माझ्या पुढे उभी होती. यंदा तिच्या मेणबत्तीला खेळण्यातलं स्वयंपाकघर बांधलं होतं, ती मोडू नये म्हणून याकूमिसने स्वतः धरली होती.

तेवढ्यात माझी लांबाडा वाकायला लागली. पेटवल्यावर मेण मऊ होतं, हे आजीने डब्यांच्या वेळी धरलंच नव्हतं. आधी ती नमस्कारासारखी वाकली, मग मोडली. यंत्र धपकन पापांच्या पायावर पडलं. (पापा म्हणतात, अंगठ्यावर असं लिही.) आणि पडता पडता चालू झालं! आधी संगीत वाजलं, मग एक बाई जपानी भाषेत मोठ्याने काहीतरी म्हणाली.

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. मग कप्तान निकितास उभा राहिला आणि म्हणाला, "अरे वा, यंदा जपानीही!" आणि त्याने क्रॉसची खूण केली. त्याच्या मागून सगळ्यांनी केली. याकूमिसनेही केली, स्वयंपाकघर सांभाळत. जपानी बाई पुन्हा बोलली, लोकांनी पुन्हा खूण केली. चार वेळा असं झालं. पापांनी सांगायला तोंड उघडलं, पण तेही खूण करून मोकळे झाले. (ते म्हणतात, अंगठा दुखत होता म्हणून देवाची आठवण आली.)

मी यंत्र उचललं. पडद्यावर ऑक्टोपस होता आणि त्याच्या डोक्यावर एक नाव. मी आजीला म्हटलं, "आजी, इथे थेओपिस्ती लिहिलंय." आजी म्हणाली, "तू गप्प बस, तुझ्या वाचण्यावर माझा विश्वास उरलेला नाही." तिने यंत्र कप्तान निकितासपुढे धरलं. तो म्हणाला, थेओपिस्ती. याकूमिसने चष्मा पुसून वाचलं, थेओपिस्ती. मग एव्हगेनियाला विचारलं, कारण ती माझी शत्रू आहे म्हणजे खोटं बोलणार नाही. ती म्हणाली, "थेओपिस्ती लिहिलंय. मग तो नोनो खरा आहे वाटतं?"

आजीने यंत्र छातीशी धरलं आणि ती भर चर्चमध्ये मोठ्याने रडली. मग म्हणाली, "हा ऑक्टोपस चुकीचा चालतो. ऑक्टोपस कधी असा उड्या मारत नाही."

ते यंत्र मला अजून मिळालेलं नाही. आजी दुपारी झोपते तेव्हा मी वीस मिनिटं खेळते.

तुझी अर्गिरो

(हे वाचलं. सगळं खरं आहे. पापा-लिनार्दोस)


कासोस, १२ मे १९९३

पांदेली,

रोड्सहून चष्मा आला. म्हणून हे मी माझ्या हाताने लिहिते. अठरा वर्षांनी लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

पत्र तीनदा वाचलं. पोत्याचं खरं वाटलं. आधीच सांगितलं असतंस तर मी इतकी वर्षं राग धरला नसता. फार तर पाच धरला असता.

ऑक्टोपसने काल एकशे चाळीस शंख गोळा केले. खेकडा डावीकडून येतो, त्याला फसवून दगडाखाली जायचं असतं. हे अर्गिरोला जमत नाही, मला जमतं. माझा बाप ऑक्टोपस धरायचा, मला त्यांच्या खोड्या ठाऊक आहेत. सेल संपले की मिनास आणून देतो.

मुलगी रडते की यंत्र तिचं आहे. मी तिला सांगितलं, त्याच्यावर नाव कोणाचं आहे ते बघ. नाव ज्याचं, वस्तू त्याची. म्हणून तिच्यासाठी तू दुसरं आण. करडंच. मिनासबरोबर पाठवायचं नाही. पंधरा ऑगस्टला गावची जत्रा आहे, तेव्हा तू स्वतः ये, आणि तिच्या हातात दे. मेणबत्ती मी आणून ठेवलीय, या वेळी जाड घेतली. तू उंबरठ्याशी आलास की मी ओरडणार आहे, मनातलं सगळं बाहेर येईपर्यंत. ते ऐकून घे. मग जेवायला बस.

नव्या यंत्राने विचारलं की नाव काय, तर अर्गिरो सांग. चूक करू नकोस. नऊ वर्षं मी तिला खिडकीतून त्याच नावाने हाक मारतेय. आता ते माझ्या तोंडात बसलंय, आणि दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती जेवायला येणार नाही.

थेओपिस्ती